ॲम्प्लिफायर किती गरम झालेला चालतो? गोव्याच्या हवेत तापमान मोजण्याची आणि राखण्याची रीत

ॲम्प्लिफायर किती अंशांपर्यंत गरम झालेला चालतो, असे मला वरचेवर विचारले जाते, आणि खोलीचे तापमान कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. हीटसिंकचे, म्हणजे आतली उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या भागाचे, तापमान ५८ अंश सेल्सिअस आहे एवढेच कोणी सांगितले, तर त्यावरून काहीही ठरत नाही. जानेवारीतल्या रात्री खोली २२ अंशांवर असताना हा आकडा आला असेल तर चौकशी करावी लागेल. मे महिन्यात स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये ३४ अंश असताना आला असेल, आणि ॲम्प्लिफायर क्लास ए जातीचा (या जातींबद्दल पुढे येईल) असेल, तर तो अगदी निरोगी आहे. म्हणून पाहायचा तो फरक, म्हणजे खोलीच्या हवेपेक्षा हीटसिंक किती अंशांनी वर गेला तो आकडा. या लेखात त्याला मी ‘चढ’ म्हणणार आहे.

चढ हा ॲम्प्लिफायरचा स्वभाव असतो आणि तो ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही. हीटसिंकचा औष्णिक रोध वॅटमागे ०.३ अंश असेल आणि त्यात १०० वॅट उष्णता ओतली जात असेल, तर चढ ३० अंशांचा होतो. युरोपातल्या २२ अंशांच्या दिवाणखान्यात तोच हीटसिंक ५२ अंशांवर राहील आणि पणजीत मे महिन्यातल्या ३३ अंशांच्या खोलीत ६३ अंशांवर जाईल. यंत्रात बिघाड कुठेच नाही. मात्र माहितीपत्रकात लिहिलेली हवेची कमाल मर्यादा, जी पुष्कळशा ॲम्प्लिफायरांसाठी ३५ किंवा ४० अंश असते, ती परदेशी वाचकाच्या नजरेतून सुटली तरी चालते. आपल्याकडे ती ओळ आधी वाचावी लागते, कारण वर्षातले दोन-अडीच महिने आपण त्या मर्यादेच्या अगदी काठावर राहतो.

जातीप्रमाणे किती उष्णता अपेक्षित धरावी

क्लास ए ॲम्प्लिफायरमध्ये संगीत वाजत असो वा नसो, शेवटच्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरांमधून पूर्ण प्रवाह सतत वाहत असतो. याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे जॉन लिन्स्ली हूड यांनी एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेला १० वॅटचा ॲम्प्लिफायर. आठ ओहमच्या स्पीकरसाठी त्याला २७ व्होल्ट आणि सुमारे १.२ अँपिअर लागतात, म्हणजे दहा वॅट आवाजासाठी प्रत्येक चॅनेलला ३२ वॅटच्या आसपास वीज अखंड खर्च होते. गाणे लावलेच नाही तर ती सगळी वीज उष्णता होऊन हीटसिंकमधून बाहेर पडते. यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो, जो पुष्कळांना पटत नाही: क्लास ए ॲम्प्लिफायर शांत असताना सर्वांत जास्त तापतो आणि मोठ्याने वाजवल्यावर थोडा निवतो, कारण त्या उष्णतेतला काही भाग आता स्पीकरकडे जातो. अशा यंत्राचा चढ २५ ते ३० अंश धरावा. गोव्यात त्याचा हीटसिंक ५५ ते ६३ अंशांच्या दरम्यान स्थिरावला तर त्यात वावगे काही नाही.

क्लास एबी, म्हणजे शांत असताना थोडाच प्रवाह वाहू देणारा, बहुतेक घरांत असलेला प्रकार, याच्या उलट वागतो. निष्क्रिय अवस्थेत, म्हणजे सुरू असून काही वाजत नसताना, त्याचा चढ १० ते १५ अंश असतो आणि बैठकीच्या खोलीला पुरेल एवढ्या आवाजात तो १५ ते २५ अंशांपर्यंत जातो. मात्र आवाज वाढत गेला म्हणून उष्णताही शेवटपर्यंत वाढत जाते, ही समजूत चुकीची आहे. गणिताने पाहिले तर क्लास बी पद्धतीच्या टप्प्यात (मोठ्या आवाजात एबीही असाच वागतो) सर्वाधिक उष्णता कमाल शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर तयार होते. आठ ओहमवर १०० वॅटचा ॲम्प्लिफायर अखंड स्वरावर पूर्ण १०० वॅट देत असेल तेव्हा त्याच्या ट्रान्झिस्टरांत २७ वॅटच्या आसपास उष्णता होते, पण तो ४० वॅट देत असेल तेव्हा ती ४० वॅटवर पोहोचते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ च्या नियमात ॲम्प्लिफायर मोजण्यापूर्वी एक तास एक-तृतीयांश शक्तीवर चालवण्याची अट घातली होती. ही शक्ती नेमकी उष्णतेच्या शिखराजवळची असल्यामुळे त्या काळातल्या उत्पादकांना हीटसिंक मोठे करावे लागले. पुढे २००० साली ही अट एक-अष्टमांशावर आणली गेली. जुन्या यंत्रांचे हीटसिंक आजच्या मानाने अवाढव्य दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

घरगुती ऐकण्यात हे शिखर क्वचित येते. केसरबाई केरकरांचे जुने ध्वनिमुद्रण रात्री हलक्या आवाजात ऐकताना ॲम्प्लिफायर सरासरी एक वॅटही देत नसतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत मात्र परिस्थिती पालटते. सकाळपासून घुमट (मातीचे वाद्य) वाजवून म्हटलेल्या आरत्यांची ध्वनिमुद्रणे, मध्ये नाट्यगीते, घरात पंचवीस माणसे, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) समया, खिडक्या पावसामुळे ओढलेल्या, आणि आवाजाची कळ नेहमीपेक्षा बरीच पुढे. त्या दिवशी क्लास एबी यंत्र आपल्या शिखराच्या दिशेने जाते, आणि स्पीकर चार ओहमचे असतील तर तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट उष्णता होते.

क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या १९७५ सालच्या ४०५ या ॲम्प्लिफायरने ‘करंट डम्पिंग’ पद्धत आणली, जिच्यात जड काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरांना निष्क्रिय प्रवाहाची गरजच राहत नाही. त्यामुळे तो शांत असताना फारसा तापत नाही. क्लास डीबद्दल, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या प्रकाराबद्दल, लिहिण्यासारखे थोडेच आहे. त्याची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्क्यांहून अधिक असते आणि पेटी कोमट लागते. क्लास डी यंत्राला हात लावून चटका बसला तर मात्र त्याकडे दुर्लक्ष करू नये.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, ॲम्प्लिफायरला यांतले कोणतेच माप लावू नये. ईएल३४ किंवा केटी८८ या शक्तिव्हॉल्व्हच्या काचेचे तापमान २०० अंशांच्या घरात असणे हे त्यांचे नेहमीचे काम आहे. ईएल३४ च्या तापतंतूलाच ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅट लागतात, आणि त्याखेरीज अ‍ॅनोडवर २५ वॅटपर्यंत उष्णता होऊ शकते. येथे तापमापकापेक्षा डोळे उपयोगी पडतात. मधल्या तंतूची नारिंगी झळाळी योग्य आहे. पण दिवे मालवून पाहिल्यावर बाहेरच्या करड्या धातूच्या पत्र्यावर, म्हणजेच त्या ॲनोडवर, लालसर ठिपका दिसला, तर बायस, म्हणजे निष्क्रिय प्रवाह ठरवणारी जुळणी, बिघडला आहे असे समजून त्याच क्षणी वीज बंद करावी.

मोजायचे कसे

करोनाकाळात घराघरांत आलेली कपाळावर धरायची तापमापक बंदूक या कामाची नाही, कारण ती शरीराच्या तापमानाच्या आसपासचेच आकडे दाखवते आणि त्यापुढे नुसते ‘हाय’ लिहून मोकळी होते. औद्योगिक वापराचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा किंवा ज्याला के-प्रकारचा थर्मोकपल (टोक टेकवून तापमान मोजणारी तार) जोडता येतो असा मल्टिमीटर घ्यावा. माझी पसंती दुसऱ्याला आहे, कारण इन्फ्रारेड यंत्र चमकत्या ॲल्युमिनियमसमोर साफ फसते. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फार कमी टाकतो आणि समोरच्या भिंतीची उष्णता परावर्तित करतो. त्यामुळे ६० अंशांचा हीटसिंक ३८ अंश दाखवला जाऊ शकतो. काळ्या ॲनोडाइज्ड पात्यांवर ही अडचण फारशी येत नाही. चंदेरी पात्यांवर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या चिकटपट्टीचा दोन सेंटिमीटरचा तुकडा घट्ट चिकटवावा, दहा मिनिटे थांबावे, आणि त्या तुकड्यावरच नेम धरून मोजावे. यंत्र तुकड्याच्या इतके जवळ धरावे की त्याच्या मोजण्याच्या वर्तुळात तुकड्याखेरीज काही येणार नाही. लाल ठिपका फक्त नेम दाखवतो. मोजले जाणारे वर्तुळ त्याहून बरेच मोठे असते.

खोलीचे तापमान ॲम्प्लिफायरपासून निदान दीड-दोन मीटर दूर, त्याच उंचीवर आणि उन्हाची तिरीप नसलेल्या जागी मोजावे. ॲम्प्लिफायर कपाटात असेल तर कपाटातल्या हवेचे तापमान वेगळे लिहावे. छताचा पंखा सुरू आहे की बंद, याची नोंद करावी. पंख्याखाली हीटसिंक काही अंशांनी निवतो, आणि ही नोंद न केल्यामुळे एकाच यंत्राचे दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत म्हणून मी एकदा आठवडाभर डोके खाजवत बसलो होतो.

सर्वांत मोठी चूक घाईची होते. दहा किलो ॲल्युमिनियमचा हीटसिंक एक अंश वर जाण्यासाठी सुमारे ९,००० जूल उष्णता खातो. वर घेतलेल्या उदाहरणातले आकडे धरले, तर अंतिम चढाचा ६३ टक्के भाग गाठायलाच ४५ मिनिटे लागतात आणि ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचायला सव्वादोन तास. वीस मिनिटांनी मोजून ‘माझा तर फार गरम होत नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. क्लास ए यंत्र संध्याकाळी सातला सुरू केले असेल तर मोजणी साडेनऊला करावी. त्याआधी दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत गेल्यास चढाची रेघ हळूहळू सपाट होताना दिसते. दोन तासांनंतरही ती सपाट न होता वर जात असेल, तर हवा कोंडलेली आहे किंवा बायस ढळतो आहे.

उपकरण नसेल तेव्हा हातावर भागवावे लागते. उघड्या धातूवर तळहात आरामात आणि कितीही वेळ राहत असेल तर तापमान ४५ अंशांच्या आत आहे. पन्नाशीजवळ हात काही वेळ टिकतो पण नकोसे होते. ५५ अंशांवर चार-पाच सेकंदांत हात उचलावासा वाटतो, साठीवर एका सेकंदात, आणि त्यापुढे हात आपोआप मागे येतो. माणसामाणसांत यात फरक पडतो. माझ्या आईचा हात, जो तव्यावरची भाकरी उलथण्याशिवाय फिरवतो, या कामाला निरुपयोगी आहे. घरात लहान मुले असतील तर साठ अंशांचा हीटसिंक त्यांच्या हाताच्या उंचीवर ठेवू नये, मग तो यंत्राच्या दृष्टीने कितीही निरोगी असो.

आतमध्ये काय सोसले जाते

हीटसिंक ६३ अंशांवर असताना ट्रान्झिस्टरच्या आतल्या सिलिकॉनचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. घरगुती ॲम्प्लिफायरांत सर्रास दिसणारा २एससी५२०० हा १५० वॅटचा ट्रान्झिस्टर घेतला, तर सिलिकॉनपासून त्याच्या पाठीपर्यंतचा रोध वॅटमागे सुमारे ०.८३ अंश येतो. मधल्या अभ्रकाच्या चकतीचे आणि पेस्टचे आणखी अर्धा अंश धरू. त्यात २५ वॅट उष्णता होत असेल तर सिलिकॉन हीटसिंकपेक्षा ३३ अंशांनी वर, म्हणजे ९६ अंशांवर राहील. त्याची कमाल मर्यादा १५० अंश आहे. अर्थात गोव्याच्या उन्हाळ्यातही ट्रान्झिस्टरला पुरेसा मोकळा श्वास असतो.

खरी झीज इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागांची, होते. त्यांच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते आणि त्या तापमानाला त्यांचे आयुष्य बहुधा काही हजार तासांचेच असते. ढोबळ नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ५५ अंशांच्या पेटीत १६,००० तास टिकेल. रोज चार तास ऐकले तर अकरा वर्षे. पेटीतली हवा ६५ अंशांवर गेली की तेच आयुष्य साडेपाच वर्षांवर येते. १०५ अंशांचा तेवढ्याच तासांचा कपॅसिटर त्याच ६५ अंशांच्या पेटीत रोजच्या चार तासांच्या हिशेबाने बावीस वर्षे काढतो. म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलायची वेळ आली तर दुकानदाराकडे १०५ अंशांचेच मागावेत. किमतीतला फरक किरकोळ असतो. आणि हेच गणित हेही सांगते की कपाट उघडे ठेवून मिळवलेले दहा अंश कोणत्याही महागड्या केबलपेक्षा जास्त मोलाचे आहेत.

उष्णतेचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा. ट्रान्झिस्टर तापला की त्याचे बेस-एमिटर (त्याच्या दोन टोकांमधले) व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, त्यामुळे प्रवाह वाढतो, प्रवाहाने तो आणखी तापतो, आणि हे चक्र आवरले नाही तर ट्रान्झिस्टर जळतो. हे आवरण्यासाठी एक लहान ट्रान्झिस्टर मुद्दाम हीटसिंकवरच बसवलेला असतो, जो उष्णता जोखून बायस कमी करतो. दुरुस्तीनंतर हा पहारेकरी हीटसिंकला नीट टेकवला गेला नाही किंवा त्याखालची पेस्ट पंधरा वर्षांत वाळून खडूसारखी झाली, तर यंत्र थंड असताना उत्तम वाजते आणि तासाभराने चढत जाते. बायस तपासणी म्हणूनच यंत्र पूर्ण तापल्यानंतर करायची असते. एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रोधकावर ११ मिलिव्होल्ट मिळाले म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाह, असे ते माप असते. नेमका आकडा त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा आणि काम जाणकाराकडून करून घ्यावे. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात वीज काढल्यावरही कपॅसिटरांत पन्नास-साठ व्होल्ट आणि व्हॉल्व्हच्या यंत्रात चार-पाचशे व्होल्ट उरलेले असू शकतात.

जागा

माझा क्लास ए ॲम्प्लिफायर सुरुवातीला सागवानी शोकेसमध्ये होता. आमच्या मेस्ताने (सुताराने) ती इतकी देखणी आणि इतकी घट्ट बनवली होती की काचेचे दार लावले की आत मुंगी शिरत नसे, आणि हवाही. मे महिन्यात रोज रात्री साडेनऊच्या सुमारास यंत्र आपोआप बंद पडू लागले आणि पाऊण तासाने पुन्हा सुरू होऊ लागले. ज्या दुरुस्तीवाल्याकडे मी ते नेले त्याने आउटपुटचे ट्रान्झिस्टर ‘कमजोर झालेत’ असे सांगून चारही बदलले आणि भरभक्कम बिल लावले. त्याच्या टेबलावर, उघड्या हवेत, यंत्र दिवसभर वाजले. घरी आणल्यावर पुन्हा साडेनऊ.

तेव्हा मी पहिल्यांदा मोजले. शोकेसमधली हवा ४६ अंश, हीटसिंक ७८. म्हणजे चढ ३२ अंशांचा, यंत्राच्या स्वभावाला धरूनच. बिघडले होते ते सभोवतालचे हवामान. आतला औष्णिक स्विच आपले काम चोख करत होता. असे स्विच बहुधा ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात आणि बरेच खाली उतरल्यावर पुन्हा जोडले जातात. मेस्ताला बोलावून मागची फळी कापायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “बाब, फळी कापली तर कपाटाची बळकटी जाईल.” शेवटी मागे वर-खाली दोन रुंद खाचा पाडल्या, दार बिजागऱ्यांसकट काढून ठेवले, आणि खोली ३१ अंशांवर असताना हीटसिंक ५९ वर स्थिरावला. ते दार अजून माळ्यावर आहे.

जागेचे गणित एवढेच की गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा यावी लागते. वरून नुसते भोक पाडून उपयोग होत नाही. खालीही तेवढेच उघडे हवे. क्लास ए आणि व्हॉल्व्ह यंत्रांना दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेंटिमीटर आणि डोक्यावर निदान वीस सेंटिमीटर मोकळे सोडावे. त्यांच्यावर सीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, रुमाल, फुलदाणी यांपैकी काहीही ठेवू नये. जाड गालिच्यावर ठेवल्यास तळाच्या जाळ्या बुजतात. पंखा लावायचाच असेल तर संगणकातला १२० मिलिमीटरचा पंखा बाराऐवजी सहा-सात व्होल्टवर चालवावा, तो ऐकू येत नाही, आणि हवा खालून वर जाईल असा बसवावा. वरून खाली फुंकणारा पंखा गरम हवेच्या नैसर्गिक ओघाशी भांडत बसतो.

जुन्या कौलारू घरांत उंच छपरामुळे गरम हवेला वर जायला जागा असते आणि चिऱ्यांच्या भिंती दिवसा थंडावा देतात, तेव्हा अशा घरांत ॲम्प्लिफायर तुलनेने सुखी असतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. तेथे ऐकण्याची वेळ पहाटेकडे सरकवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

वीज

गोव्यातल्या कित्येक घरांत रात्री उशिरा, भार उतरल्यावर, २३० व्होल्टची वीज २४५ च्या पुढे जाते. ज्या यंत्रांत आतला पुरवठा नियंत्रित नसतो त्यांत ही वाढ थेट आतपर्यंत पोहोचते. क्लास ए मध्ये प्रवाह ठरलेला असला तर व्होल्टेज जितके टक्के वाढेल तितकीच टक्के उष्णता वाढते. २२० व्होल्टसाठी बनलेल्या यंत्राला २४५ मिळाले तर अकरा टक्के जास्त. ३० अंशांचा चढ असा ३३ वर जातो. तापमान लिहिताना शेजारी त्या वेळचे व्होल्टेज लिहिले तर हा घोळ लगेच उलगडतो.

आपल्याकडे आणखी एक खास प्रकार आढळतो. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या, मंडळींनी जहाजावरून येताना जपान किंवा अमेरिकेतून आणलेले सुंदर ॲम्प्लिफायर कित्येक घरांत आहेत. ते १०० किंवा १२० व्होल्टचे असतात आणि स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवले जातात. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ‘११०’ असा शिक्का असलेला ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टच्या जपानी यंत्राला दहा टक्के जास्त देतो, आणि मुख्य वीज चढली की आणखी. दुसरी, स्टेप-डाऊनने व्होल्टेज उतरते पण वारंवारता आपली ५० हर्ट्झच राहते. जे यंत्र केवळ ६० हर्ट्झसाठी बनले आहे त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झवर संपृक्ततेकडे, म्हणजे चुंबकत्वाच्या मर्यादेकडे, जातो, गुणगुणतो आणि जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिलेले असेल तर काळजी नको. नुसते ‘६०’ असेल तर पेटीचा ट्रान्सफॉर्मरकडचा भाग हीटसिंकइतक्याच काळजीने मोजावा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उष्णतेपेक्षा दमटपणा जास्त छळतो, आणि या काळात ॲम्प्लिफायरची उष्णता उपकारक ठरते. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या जवळपास येतो. एसी लावून खोली २२ अंशांवर आणली, मग एसी बंद करून खिडकी उघडली, तर थंड पडलेल्या पेटीच्या आत-बाहेर पाणी धरते, थंड पाण्याच्या तांब्यावर धरते तसे. अशा वेळी यंत्र लगेच सुरू करू नये. खोलीच्या हवेशी जुळेपर्यंत तासभर थांबावे. जे यंत्र हवेपेक्षा चार अंश जरी उबदार असेल त्यावर पाणी धरत नाही. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर ॲम्प्लिफायर चालवावा, ऐकायला वेळ नसला तरी. वीज कडाडू लागली की मात्र स्विचवर विसंबू नये, प्लगच काढावा.

किनाऱ्याजवळ हवेतले मीठ आणि धूळ मिळून पात्यांच्या मुळाशी एक राखाडी लेप जमतो. तो वाळल्यावर, यंत्र पूर्ण थंड आणि प्लग काढलेला असताना, रंगाच्या मऊ ब्रशने वरून खाली झाडावा. ओले फडके वापरू नये. ऊब शोधत पाली आणि लाल मुंग्याही येतात. वरच्या जाळीवर मच्छरदाणीचे कापड ताणून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. पाल अडते, पण हवाही अडते. पेटी भिंतीपासून आणि पडद्यापासून दूर ठेवणे हाच त्यातल्या त्यात चालणारा बंदोबस्त आहे.

बंद कधी करावे

डाव्या आणि उजव्या हीटसिंकमध्ये तीन-चार अंशांचा फरक असतोच, विशेषतः एका बाजूला भिंत असेल तर. दहा अंशांहून जास्त फरक दिसला तर प्रथम यंत्र फिरवून किंवा सरकवून पुन्हा मोजावे. गरम बाजू तीच राहिली तर त्या चॅनेलचा बायस किंवा आउटपुटवरचे डीसी व्होल्टेज तपासून घ्यावे. स्पीकर काढून मोजल्यावर हे डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असावे. स्पीकर जोडलेले नसताना, आवाज शून्यावर असताना क्लास एबी यंत्र चटका देण्याइतके तापत असेल, नेहमीच्या चढात एका महिन्यात आठ-दहा अंशांची भर पडली असेल, किंवा वार्निश जळल्यासारखा वास येत असेल, तर कारण कळेपर्यंत ते वापरू नये. औष्णिक स्विचने बंद पडलेले यंत्र थंड होताच पुन्हा लावत राहणे ही सगळ्यांत वाईट सवय. फ्यूज उडाला तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालून पाहणे त्याहून वाईट.

दुरुस्तीला नेताना सोबत वहीचे पान न्यावे: तारीख, वेळ, खोलीचे तापमान, कपाटातले तापमान, डावा हीटसिंक, उजवा हीटसिंक, व्होल्टेज, पंखा सुरू की बंद, सुरू केल्यापासून किती वेळ. माझ्या वहीत मार्च, मे, ऑगस्ट आणि डिसेंबर असे वर्षातून चार दिवस आहेत. नव्या दुरुस्तीवाल्याने ते पान पाहिले, यंत्र न उघडताच ‘हे कपाटात ठेवले होते का?’ असे विचारले, आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून त्याच्याकडेच जातो.